छोट्या क्रिप्टो कॉइनमध्ये पैसे घालायच्या आधी एवढं तरी तपासा

मागच्या महिन्यात सोलापुरात अशोक चौकाजवळ चहाला थांबलो होतो, तिथं आमच्या गल्लीतले अण्णा भेटले. अण्णांनी तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवलेत, आता डोळ्यांमुळं काम कमी केलंय. बसल्या बसल्या मोबाईल माझ्यापुढं केला आणि म्हणाले, "बघ की बे जरा, हे कॉइन आत्ता दहा पैशाला हाय, दिवाळीपर्यंत दहा रुपये होणार म्हणतेत. पन्नास हजार टाकू का?"

पन्नास हजार. त्या माणसाची ती किती वर्षांची बचत असेल ते मला माहितीये, म्हणून मी चहा बाजूला ठेवला आणि त्यांच्याच मोबाईलवर एकेक गोष्ट उघडून दाखवत गेलो, त्यात तासभर कसा गेला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोरानं विचारलं, मग आईच्या भिशीतल्या दोन मावश्यांनी विचारलं, तेव्हा ठरवलं की सगळं एकदाच लिहून काढू, म्हणजे ज्याला पाहिजे त्याला पाठवता येईल.

मी नवी पेठेत एका टॅक्स सल्लागाराकडं कामाला आहे, जुलैमध्ये रिटर्न भरायला येणाऱ्या लोकांचे क्रिप्टोचे हिशोब माझ्याच टेबलावर येतात. आणि २०२१ च्या दिवाळीत मी स्वतः ३८ हजार घालवलेत. एका टोकनमध्ये, म्हणजे असल्याच एका छोट्या कॉइनमध्ये, घातले होते, चार दिवसात स्क्रीनवर त्याचे ९० हजार दिसायला लागले, म्हटलं निम्मे विकून टाकू, तर विकायचं बटण दाबलं की ट्रान्झॅक्शन फेल. परत दाबलं, परत फेल, आणि प्रत्येक वेळी फी मात्र कापली जात होती. रात्री दोनपर्यंत बसलो होतो, आकडा वाढतच चालला होता आणि माझ्या हातात त्यातला एक रुपया येत नव्हता. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न "हे किती वाढेल" हा नसतोच. पैसे परत काढता येतात का, आणि ते अडवायची ताकद कुणाच्या हातात आहे, हे आधी बघायचं. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

बातमी कुठून आली?

कॉइन बघायच्या आधी तो तुमच्यापर्यंत कसा आला ते बघा. बहुतेक वेळा कोणीतरी जवळचाच माणूस आणतो, साडू, मेहुणा, शाळेतला मित्र, कारखान्यातला जोडीदार. तो मुद्दाम फसवत नसतो हे लक्षात घ्या, त्यानं स्वतः पैसे घातलेले असतात आणि त्याला मनापासून वाटत असतं की आपल्या माणसाचं भलं व्हावं. म्हणून त्याच्यावर चिडू नका, त्याला फक्त एक विचारा. ॲपमध्ये किती दिसतात ते नको, बँकेच्या पासबुकात आजवर किती परत आले ते दाखव. माझ्या अनुभवात दहातले नऊ जण इथंच थांबतात, आणि दहावा जो दाखवतो त्याचे सुरुवातीचे दोनचार छोटे हप्ते आलेले असतात, बाकी रक्कम "री-इन्व्हेस्ट" केलेली असते.

दुसरं म्हणजे ठरलेला परतावा. महिन्याला अमुक टक्के मिळणारच असं कोणी सांगितलं की तिथून उठायचं. गेनबिटकॉइनचं प्रकरण आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांना माहिती असायला पाहिजे, त्यात बिटकॉइन घेऊन १८ महिने दरमहा १० टक्के द्यायचं कबूल केलं होतं, आणि २०१७ मध्ये द्यायचे बिटकॉइन संपले तेव्हा लोकांच्या हातात एमकॅप नावाचा स्वतःचाच कॉइन ठेवला ज्याला बाजारात फारशी किंमतच नव्हती. सूत्रधार अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, पण लोकांचे पैसे गेले ते गेले. वनकॉइन नावाच्या कॉइनमागं तर ब्लॉकचेनच, म्हणजे सगळ्यांना उघड दिसणारी व्यवहारांची वहीच, नव्हती, नुसता कंपनीच्या कॉम्प्युटरमधला आकडा, आणि त्याची प्रमुख रुजा इग्नातोवा २०१७ च्या ऑक्टोबरपासून गायब आहे. त्याच वर्षी नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइनच्या सेमिनारमधूनच लोकांना पकडलं होतं. म्हणजे हे काही लांब कुठं अमेरिकेत झालेलं नाही, आपल्याकडच्या हॉलमध्ये, आपल्याच भाषेत झालंय.

आणि मोठं नाव असलं की व्याज खरं असतं असंही नाही. टेरा नावाच्या क्रिप्टो प्रोजेक्टच्या अँकर या ठेवीसारख्या योजनेत वर्षाला साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास मिळत होते, जगभरातली शिकली सवरलेली माणसं त्यात होती, आणि मे २०२२ मध्ये त्यांचा लुना कॉइन ८० डॉलरच्या आसपास होता तो आठवडाभरात जवळजवळ शून्यावर आला. पतसंस्थेत ठेव ठेवताना आपण विचारतो ना की एवढं व्याज परवडतं कसं, कर्ज कुणाला देताय? तोच प्रश्न इथं विचारा. व्याज येतंय कुठून याचं उत्तर दोन साध्या वाक्यात मिळालं नाही तर ते नव्या लोकांच्या पैशातून येतंय असंच धरून चाला.

खाली दोन माणसं जोडा, त्यांच्याखाली चार, असं सांगितलं तर पुढचं काही वाचूच नका. चांगल्या कॉइनला तुमच्या नातेवाईकांची यादी लागत नाही.

टोकनचा पत्ता घ्या, नाव नको

आता खऱ्या कामाला लागू. बिटकॉइन, इथेरियम यांची स्वतःची ब्लॉकचेन आहे. बाकीचे जे हजारो छोटे "कॉइन" तुम्हाला दाखवतात ती बहुतेक टोकन असतात, म्हणजे इथेरियम, बीएनबी चेन, सोलाना अशा दुसऱ्याच्या चेनवर बसवलेली. टोकन बनवायला आज दहा मिनिटं आणि थोडी फी पुरते, प्रोग्रॅमिंग यायलाच पाहिजे असंही नाही. त्यामुळं टोकन अस्तित्वात आहे, त्याला छान लोगो आहे, वेबसाईट आहे, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि नाव तर कोणीही काहीही ठेवू शकतो, एकाच नावाची दहा टोकन असतात. म्हणून प्रत्येक टोकनचा जो लांबलचक पत्ता असतो, ज्याला कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस म्हणतात, तो मिळवा. कॉइनगेको किंवा कॉइनमार्केटकॅप या कॉइनची माहिती देणाऱ्या साईटवर टोकन असेल तर तिथं दिलेला असतो, तो आणि प्रोजेक्टच्या वेबसाईटवरचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळतो का बघा. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेला पत्ता थेट वापरू नका. आणि समोरचा माणूस पत्ताच देऊ शकत नसेल, "आमच्या ॲपमध्येच मिळतो" म्हणत असेल, तर तो कॉइन फक्त त्या ॲपमधला आकडा आहे. वनकॉइनची हीच गत होती.

एक्सप्लोररवर काय बघायचं

अण्णांच्या वेळी सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि तुमचाही जावा असं मला वाटतं, कारण इथं कोणाचा शब्द ऐकावा लागत नाही, सगळं उघड्यावर असतं. एक्सप्लोरर म्हणजे चेनवरचे सगळे व्यवहार दाखवणारी साईट. इथेरियमसाठी इथरस्कॅन, बीएनबी चेनसाठी बीएससीस्कॅन, सोलानासाठी सोलस्कॅन. या साईट फुकट आहेत, लॉगिन लागत नाही, वॉलेट, म्हणजे आपले कॉइन ठेवायचं ॲप, जोडावं लागत नाही. वॉलेट जोडायला सांगितलं तर तुम्ही चुकीच्या साईटवर आलात, बंद करा.

वरच्या सर्चमध्ये पत्ता पेस्ट करा. अण्णांचं टोकन बीएनबी चेनवर होतं. पान उघडल्यावर आधी टोकन कधी बनलं ते बघितलं, तर १९ दिवसांपूर्वी. त्यांना सांगणाऱ्यानं "दोन वर्षांपासून चालू आहे" सांगितलं होतं. एवढ्यानंच अण्णांचा चेहरा बदलला.

मग होल्डर्स नावाचा भाग उघडला, म्हणजे कुणाकडं किती टोकन आहेत त्याची उतरती यादी. पहिल्याच वॉलेटकडं ६१ टक्के. इथं एक काळजी घ्यायची, यादीत वर दिसणारा प्रत्येक पत्ता माणसाचा असतोच असं नाही, काही पत्ते एक्स्चेंजचे, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या कंपन्यांचे असतात, काही लिक्विडिटी पूलचे असतात (ते काय ते खाली सांगतो), आणि काही "जाळलेल्या" टोकनचे असतात जिथून ती परत कधीच काढता येत नाहीत. पत्त्याशेजारी बहुतेक वेळा तसं लेबल असतं. ही सोडून उरलेल्यात दोनचार वॉलेटकडं निम्म्याहून जास्त माल असेल तर समजून घ्या की किंमत त्यांच्या हातात आहे. आपण मार्केट यार्डात बघतोच की, एकाच व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये सगळा कांदा असला आणि त्यानं एका सकाळी तो सगळा बाहेर काढला तर भावाचं काय होतं. आणि वॉलेट वेगवेगळी दिसली म्हणून माणसं वेगळी असतीलच असंही नाही, एकाच दिवशी, एकाच पत्त्यावरून, सारखीच रक्कम मिळालेली दहा वॉलेट दिसली तर ती एकाच माणसाची असण्याची शक्यता जास्त.

तिसरं, ट्रान्सफर. नुसत्या खरेदी दिसतायत का विक्रीपण दिसतेय? अण्णांच्या टोकनमध्ये शेकडो खरेदी होत्या, आणि विक्री करणारी वॉलेट फक्त दोन. तीच दोन, पुन्हा पुन्हा. मी अण्णांना एवढंच विचारलं की अण्णा, एवढ्या लोकांपैकी एकालाही १९ दिवसात पैशाची गरज पडली नसेल का हो? ते काही बोलले नाहीत, मोबाईल डोळ्याजवळ नेऊन त्या दोन पत्त्यांकडंच बघत बसले.

चौथं, कॉन्ट्रॅक्टचा कोड. व्हेरिफाइड आहे का तेवढं बघा, तशी खूण दिसते. कोड लपवून ठेवलेला असेल तर विषय संपला. कोड दिसत असेल तर तुम्हाला तो वाचता यायलाच पाहिजे असं नाही, पण काही शब्द शोधता येतात. मिंट असेल आणि मालकाच्या हातात असेल तर तो पाहिजे तेवढी नवी टोकन छापू शकतो. ब्लॅकलिस्ट असेल तर तुमच्या वॉलेटला विकायची बंदी घालू शकतो. पॉज असेल तर सगळ्यांचाच व्यवहार थांबवू शकतो. फी बदलायचा अधिकार असेल तर आज विक्रीवर ५ टक्के कापले जातात ते उद्या ९९ होऊ शकतात. सोलानावर हेच मिंट ऑथॉरिटी आणि फ्रीझ ऑथॉरिटी या नावानं दिसतं, ते बंद केलेलं आहे का बघायचं. हे अधिकार असणं म्हणजे लगेच फसवणूक असं मी म्हणत नाही, डॉलरशी बांधलेल्या मोठ्या कॉइनमध्येही वॉलेट गोठवायची सोय असते, पण तिथं मागं माहितीतली कंपनी असते, इथं कोण आहे?

विकता येतं का

माझे ३८ हजार ज्यात अडकले त्या प्रकाराला हनीपॉट म्हणतात. घेता येतं, विकता येत नाही. विकायला कोणालाच येत नाही म्हणून किंमत खाली येतच नाही, तक्त्यावर नुसत्या हिरव्या रेषा, आणि ते बघून आणखी लोक येतात. २०२१ मध्ये एका गाजलेल्या कोरियन सिरीजच्या नावावर स्क्विड नावाचं टोकन आलं होतं, ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झालं, १ नोव्हेंबरला २,८०० डॉलरच्या वर गेलं आणि काही मिनिटात शून्याजवळ आलं. ज्यांनी घेतलं होतं त्यांना विकता येत नाही अशी ओरड आधीपासून चालू होती, तरी लोक घेतच होते. बनवणारे ३३ लाख डॉलरच्या आसपास घेऊन पसार झाले.

हनीपॉट ओळखायची फुकट टूल मिळतात, त्यात पत्ता टाकला की विक्री होते का आणि किती टक्के कापलं जातं ते ती सांगतात. ती वापरा, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, कारण आज चालणारी विक्री मालक उद्या बंद करू शकतो, म्हणूनच वरचे अधिकार बघायला सांगितले. आणि सगळं नीट वाटलं तरी पहिल्यांदा अगदी थोडं, पाचशे रुपयांचं घ्या, लगेच विका, आणि ते पैसे वॉलेटमधून एक्स्चेंजवर, तिथून बँकेत असे पूर्ण घरापर्यंत आणा. थोडी फी जाईल, जाऊ द्या. बँकेचा मेसेज येईपर्यंत पुढचा रुपया घालायचा नाही. मी त्या दिवाळीत हे केलं असतं तर पाचशेतच कळलं असतं.

लिक्विडिटी म्हणजे काय आणि ती कुलुपात आहे का

छोटी टोकन मोठ्या एक्स्चेंजवर नसतात, ती पॅनकेकस्वॅप, युनिस्वॅप अशा ठिकाणी विकली जातात. तिथं समोर माणूस नसतो, एक डबा असतो असं समजा, ज्यात बनवणाऱ्यानं एका बाजूला आपली टोकन आणि दुसऱ्या बाजूला बीएनबी किंवा इथर असा त्या चेनचा मूळ कॉइन ठेवलेला असतो. हा डबा म्हणजे लिक्विडिटी पूल, आणि त्यातला माल म्हणजे लिक्विडिटी. तुम्ही विकता तेव्हा पैसे त्या डब्यातून येतात. डब्यात आठ लाखांचं बीएनबी असेल आणि सगळ्या लोकांच्या टोकनची "किंमत" मिळून आठ कोटी दिसत असेल, तर ते आठ कोटी कुठंच नाहीत, सगळे मिळून काढायला गेलात तर आठ लाखच निघणार, तेही जे आधी पोचले त्यांना.

आणि डबा भरणाऱ्याला एक पावती मिळते, तिला एलपी टोकन म्हणतात. ती पावती ज्याच्याकडं आहे तो कधीही डबा रिकामा करू शकतो. यालाच लोक रग पुल म्हणतात, सतरंजी ओढून नेल्यासारखं. म्हणून लिक्विडिटी लॉक केली आहे का, किती टक्के आणि किती दिवसांसाठी, हे बघायचं. लॉक करणाऱ्या सेवांच्या साईटवर तारीख दिसते. "लिक्विडिटी लॉक्ड" एवढंच बॅनरवर लिहिलेलं असतं आणि आत बघितलं तर एकतीस दिवसांचं कुलूप, त्यातले वीस संपलेले, असं मी स्वतः बघितलंय. वर्षभराच्या खालचं कुलूप मी कुलूप धरत नाही.

"दहा पैशाचं दहा रुपये होईल" हा हिशोब

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथं फसतो कारण स्वस्त वाटतं. पन्नास हजारात पाच लाख टोकन येतात, छाती भरून येते. पण एकूण टोकन किती आहेत ते विचारा. अण्णांच्या टोकनची एकूण संख्या होती एक लाख कोटी. दहा पैसे भाव म्हणजे सगळ्याची मिळून किंमत झाली दहा हजार कोटी रुपये. भाव दहा रुपये व्हायचा म्हणजे ती दहा लाख कोटी व्हायला पाहिजे, आणि आपल्या देशात एवढ्या किमतीच्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. १९ दिवसांच्या टोकनचं ते कशाच्या जोरावर होणार? एक टोकन कितीला आहे हे बघून स्वस्त-महाग ठरत नाही, एकूण संख्या गुणिले भाव, हा गुणाकार प्रत्येक वेळी कागदावर करा.

त्यातच बाजारात किती टोकन फिरतायत आणि किती टीमनं राखून ठेवलीयत हे पण बघा. राखलेली टोकन कोणत्या तारखांना सुटणार हे लिहिलेलं असतं, त्या तारखांना बहुतेक वेळा विक्रीचा लोंढा येतो.

माणसं आणि कागद

टीमचे फोटो असतील तर फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच हसरा चेहरा तीन वेगळ्या नावांनी तीन वेबसाईटवर सापडला की पुढं बघायची गरज नाही. लिंक्डइनवर नाव असेल तर खातं किती जुनं आहे, आधीच्या नोकरीतली माणसं त्याला ओळखतात का बघा. नावच दिलेलं नसेल तर? बिटकॉइन बनवणारा सातोशी नाकामोतो कोण हे आजही कुणाला खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून नुसतं निनावी असणं गुन्हा नाही. पण सातोशीनं कुणाकडून पैसे मागितले नव्हते, कोड उघडा ठेवला होता, आणि जे करायचं ते ३१ ऑक्टोबर २००८ ला नऊ पानात समजावून सांगितलं होतं. निनावी राहून वर तुमचे पैसेही मागणारा माणूस वेगळा.

व्हाइटपेपर, म्हणजे प्रोजेक्टची योजना मांडणारा कागद, वाचा, समजला नाही तरी वाचा. त्यातली दोनतीन वाक्यं उचलून गूगलमध्ये टाका, दुसऱ्याच प्रोजेक्टची निघतात की नाही बघा. आणि वाचून झाल्यावर स्वतःला विचारा की या कामाला टोकन लागतंयच कशाला? "शेतकऱ्याला थेट ग्राहकाशी जोडणार" म्हणणारा एक कागद माझ्याकडं आला होता, चाळीस पानं, त्यात शेतकऱ्याबद्दल दीड पान आणि बाकी सगळं टोकन कसं वाढेल त्याबद्दल.

गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर त्यांचा कोड असेल तर शेवटचा बदल कधी झाला तेवढी तारीख बघा. एकाच दिवशी सगळा टाकून नंतर महिनोन् महिने कोणी हात लावला नसेल तर तिथं काम चालू नाहीये. ऑडिटचं सर्टिफिकेट दाखवत असतील तर ते प्रोजेक्टच्या वेबसाईटवर बघू नका, ऑडिट करणाऱ्याच्या साईटवर जाऊन शोधा, तोच कॉन्ट्रॅक्ट पत्ता आहे का बघा, आणि आत काय दोष काढलेत ते वाचा. ऑडिट म्हणजे कोडमधल्या चुका तपासणं, माणूस प्रामाणिक आहे असा दाखला नव्हे.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात होते, बाहेर "सोलापुरी" म्हणून काहीही विकतात तेव्हा ते लेबल वाचतच नाहीत, आधी चादर उलटून बघतात. खऱ्या जॅकार्डच्या चादरीत मागच्या बाजूलाही तीच नक्षी असते, फक्त रंग अदलाबदल झालेले. नक्षी नुसती वरून छापलेली असेल तर मागं ती सापडत नाही. टोकनच्या बाबतीत ती मागची बाजू म्हणजे एक्सप्लोरर, तो उलटून बघितल्याशिवाय टीमच्या फोटोंना आणि सर्टिफिकेटांना मी हातच लावत नाही.

टेलिग्रामवर एक प्रश्न टाका

ग्रुपमध्ये पन्नास हजार मेंबर आहेत म्हणून भुलू नका, मेंबर विकत मिळतात. ग्रुपमध्ये जा आणि सभ्य भाषेत विचारा, लिक्विडिटी कधीपर्यंत लॉक आहे आणि टीमकडं किती टोकन आहेत? चांगल्या ठिकाणी कोणीतरी लिंक देतं. वाईट ठिकाणी "भीती पसरवू नका" म्हणतात आणि दहा मिनिटात तुम्हाला काढून टाकतात. काढून टाकलं तर वाईट वाटून घेऊ नका, उत्तर मिळालं. आणि प्रश्न विचारल्याबरोबर "ॲडमिन" म्हणून जो खासगी मेसेज करतो, त्याला उत्तर देऊ नका. वॉलेटमध्ये न मागता एखादं टोकन आलेलं दिसलं तर त्यालाही हात लावू नका, ते विकायला जाल त्या साईटवर परवानगी मागतात आणि तिथून तुमचं बाकीचं वॉलेट साफ होतं.

कुठून घ्यायचं

मेसेजमधल्या लिंकवरून आलेली एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारं ॲप, मोबाईलमध्ये कधीच टाकायची नाही. भारतात काम करणाऱ्या क्रिप्टो एक्स्चेंजना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे आणि फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडं नोंद करावी लागते, तुमचं एक्स्चेंज नोंदलेलं आहे का ते बघा. पण नोंद म्हणजे पैशाची हमी नाही हेही तितकंच खरं. वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ ला हल्ला झाला, २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले आणि लोकांचे पैसे वर्षभराहून जास्त अडकून राहिले. बँकेच्या ठेवीला विमा असतो तसा इथं नाही.

टॅक्सचं आधीच समजून घ्या

हे माझं रोजचं काम आहे म्हणून सांगतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के टॅक्स आहे, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. तोटा कशातूनच वजा होत नाही, पगारातून नाही, दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनही नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे एका टोकनमध्ये लाख कमावले आणि दुसऱ्यात लाख घालवले, तुमच्या हातात शून्य, तरी ३१,२०० रुपये भरायचे. हे ऐकून लोक माझ्यासमोर गप्प बसतात, कारण हे त्यांना आधी कोणी सांगितलेलं नसतं. छोट्या टोकनमध्ये पाच जागी थोडं थोडं घालून "एक तरी लागेल" म्हणणाऱ्यांना हा नियम सगळ्यात जास्त मारतो. विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो, तो रिटर्नमध्ये दिसतो, त्यामुळं लपवायचा विचार करू नका. आणि एका टोकनच्या बदल्यात दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरतात, प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि रुपयातली किंमत वहीत लिहून ठेवा.

शेवटी पैसे घालणारच असाल तर

एवढं सगळं बघून एखादा प्रोजेक्ट खरंच नीट वाटला तर घाला, पण जे पूर्ण गेले तरी घरात कुणाची फी, कुणाचं औषध थांबणार नाही तेवढेच. सोनं गहाण ठेवून नाही, भिशी लवकर उचलून नाही, आणि घरच्यांना न सांगता तर नाहीच. मी ३८ हजार घातले ते घरी सांगितले नव्हते, आणि पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा ते लपवण्याचा त्रास मला जास्त दिवस झाला.

वॉलेट बनवताना १२ किंवा २४ शब्द मिळतात, त्याला सीड फ्रेज म्हणतात. ते कागदावर लिहा, फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलासुद्धा पाठवू नका. जगात कुठलाही कस्टमर केअर ते शब्द मागत नाही, जो मागतो तो चोर.

आणि फसलातच, तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, जितक्या लवकर तितकं बरं, कारण बँकेतून गेलेला पैसा पहिल्या काही तासातच अडवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचे नंबर, पत्ते, चॅटचे स्क्रीनशॉट, युपीआयच्या पावत्या सगळं जपा, ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधीच स्क्रीनशॉट काढा, कारण नंतर ग्रुप डिलीट होतो. मग काही आठवड्यांनी फोन येतो, "तुमचे अडकलेले क्रिप्टो आम्ही काढून देतो, फक्त आधी प्रोसेसिंग फी भरा." मला २०२२ मध्ये असे दोन आले, एकाला तर माझी नेमकी रक्कम माहिती होती. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यातून हे लोक नंबर घेतात. फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा, आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.